गिलावा कुठला करायचा? आधी भिंतीतलं पाणी बघा

कोल्हापुरात घर बांधणारा माणूस स्लॅब पडला की दोन प्रश्न घेऊन हिंडू लागतो. फरशी कुठली घालायची, आणि आतून जिप्सम करायचं की साधं प्लास्टर. फरशीसाठी तो घरातल्या सगळ्यांना घेऊन चार-पाच दुकानं पालथी घालतो. प्लास्टरचा निकाल मात्र साइटवर उभ्या उभ्या लागतो, तोही ठेकेदाराच्या एका वाक्यावर. "सायेब, आता समदी जिप्समच करत्यात. पाणी मारायची कटकट न्हाई." नाहीतर बरोबर उलट, "जिप्सम म्हंजे खडू हो. सिमेंटचं करा, पन्नास वर्सं बघाय नको."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. खडूचं तर शब्दशः खरं आहे, कारण फळ्यावर लिहायचा खडू बऱ्याचदा जिप्सम भाजून केलेल्या पीओपीचाच असतो. पण भिंत कुठली, ती कुठल्या मजल्यावर, तिच्या पलीकडे काय आहे, यातलं काही न विचारता दोघंही उत्तर देऊन मोकळे होतात. प्लास्टरची निवड गुळगुळीतपणापासून किंवा दरापासून सुरू केली की हमखास फसते. त्या भिंतीला पाणी कुठून लागणार आणि लागलेलं पाणी कुठून बाहेर पडणार, हे आधी बघायचं. तसं बघितलं तर एकाच घरात दोन-तीन तऱ्हेची प्लास्टरं करावी लागतात, आणि त्यात काही वावगं नाही.

पाणी येतं कुठून

पहिला मार्ग पावसाचा. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि गगनबावड्याकडे जाल तसा तो कितीतरी पटींनी वाढतो. नुसता आकडा महत्त्वाचा नाही. इथला पाऊस वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून येतो आणि घराच्या पश्चिम आणि दक्षिण अंगाला तासन्‌तास झड लागते. उत्तरेची भिंत त्या मानाने सुखी असते. म्हणजे एकाच घराच्या चार भिंतींचं पावसाळ्यातलं आयुष्य वेगवेगळं असतं.

दुसरा मार्ग जमिनीचा. वीट, जांभा, माती या सगळ्यांत बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून जमिनीतलं पाणी वर चढतं. जोत्यावर डीपीसीचा, म्हणजे जमिनीतली ओल अडवणारा, थर नसेल किंवा तो फुटला असेल तर भिंतीवर गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत ओलीचा पट्टा उमटतो. पाणी वाळतं, पण त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात आणि भिंतीला लोणा लागतो. हाताला पांढरी भुकटी लागते ती हीच.

तिसरा मार्ग घरातलाच. बाथरूमच्या पाठीमागची भिंत, सिंकच्या वरची भिंत, भिंतीत गाडलेली नळाची पाइप, वरची गच्ची. अंघोळीची आणि स्वयंपाकाची वाफही यातच धरायची.

ओल भिंतीतून येते की खोलीतल्या दमट हवेमुळे भिंतीवर पाणी धरतं, हे ओळखायची साधी युक्ती आहे. दोन फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक घ्या, चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसंच ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतलं आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर खिडक्या उघडायची आणि पंखा लावायची गरज आहे, प्लास्टर उकरायची नाही. ही चाचणी ऐन पावसाळ्यात केली तर जास्त खरं बोलते.

सिमेंटचं प्लास्टर, आणि जास्त सिमेंटचा मोह

वाळू-सिमेंटचं प्लास्टर आपल्याकडे सगळीकडे चालतं, कारण त्याला पाण्याचं भय नाही. बाहेरच्या भिंती, बाथरूम, संडास, ओट्यामागची भिंत, टाक्या, कुंपण या सगळ्यांना तेच. फक्त प्रमाण जागेनुसार बदलतं. आतल्या भिंतींना एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळू, बाहेरून एकास चार, छताला एकास तीन किंवा चार. जाडी आतून विटेच्या सरळ बाजूला १२ मिलिमीटर, खडबडीत बाजूला १५, आणि बाहेरून दोन थरांत मिळून २० च्या आसपास.

इथे घरमालक एक चूक हौसेने करतात. "सिमेंट जरा सढळ हाताने टाक" असं गवंड्याला सांगतात. सिमेंट वाळताना आकसतं. जितकं सिमेंट जास्त तितकं आकसणं जास्त, आणि मग केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पडतं. त्या भेगांतून झडीचं पाणी आत शिरतं, पण कडक आणि घट्ट थरातून ते परत बाहेर येत नाही. म्हणून जुन्या गवंड्यांचा नियम लक्षात ठेवावा: प्लास्टर भिंतीपेक्षा कडक नको आणि वरचा थर खालच्या थरापेक्षा कडक नको. मजबुती भिंतीने द्यायची असते, प्लास्टरने नाही.

याच मोहाचा एक धाकटा भाऊ आहे. संध्याकाळ होत आलेली असते, प्लास्टर अजून ओलं असतं आणि गवंड्याला काम उरकून घरी जायचं असतं. मग तो मूठभर कोरडं सिमेंट भिंतीवर फेकतो, वरचं पाणी शोषून घेतो आणि थापीने घोटून मोकळा होतो. भिंत त्या क्षणी छान दिसते. महिन्याभरात त्याच जागी बारीक भेगा उठतात, कारण वरची पापुद्र्यासारखी जाडी जवळजवळ शुद्ध सिमेंटची झालेली असते. साइटवर उभं राहायला तुम्हाला दिवसातून एकच वेळ जमत असेल तर ती संध्याकाळची निवडा.

वाळूबद्दल थोडं. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, तेव्हा बहुतेक ठिकाणी क्रश सँडच येते. त्यात वाईट काही नाही, पण प्लास्टरसाठी चाळलेली आणि धुतलेली वेगळी मिळते, ती मागा. बांधकामाची उरलेली जाडी-भरडी वाळू प्लास्टरला लावू देऊ नका. ट्रक खाली करण्याआधी काचेच्या बरणीत अर्धी वाळू आणि वर पाणी घालून खळखळून हलवा आणि तासभर स्थिर ठेवा. वाळू खाली बसते, तिच्यावर गाळाचा थर दिसतो. तो थर वाळूच्या दहाव्या भागापेक्षा जाड दिसला तर माल परत पाठवा. माती असलेल्या वाळूचं प्लास्टर भेगाळतं आणि नखाने खरवडलं तरी सुटतं.

पाणी मारण्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळेच तिथे कमी पडतात. निदान सात दिवस भिंत ओली राहिली पाहिजे. एकदा भिजवून संध्याकाळी सुकली तर ते धरायचं नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात पश्चिमेची भिंत दुपारी दोन तासांत कोरडी होते. चांगल्या साइटवर प्लास्टर झालेल्या भिंतीवर खडूने तारीख लिहितात, म्हणजे कुठली भिंत किती दिवसांची हे कुणालाही कळतं आणि बिगाऱ्याला सबब राहत नाही. ही पद्धत तुमच्याही साइटवर सुरू करा.

बाहेरचं काम आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी घाईत होतं. वळीव दोनदा येऊन गेलेला असतो, मृग आठवड्यावर असतो आणि सगळ्यांना परांची उतरवायची असते. अशा घाईत दोन थर एकाच दिवशी मारले जातात. पहिला थर मारून, तो ओला असताना ओरखडे पाडून, दोन-तीन दिवस पाणी मारून मग वरचा थर द्यायला हवा. जमत नसेल तर बाहेरचं प्लास्टर सरळ पावसाळ्यानंतर करा. दसऱ्यानंतरचे महिने या कामाला सगळ्यात चांगले. आणि छज्जाच्या खालच्या कडेला बोटभर रुंदीची खाच ठेवायला विसरू नका. ती नसेल तर पाणी छज्जाखालून फिरून भिंतीवर येतं आणि मग कितीही चांगलं प्लास्टर केलं तरी खिडकीच्या वर डाग पडतोच.

जिप्सम: कोरड्या खोलीचा राजा

जिप्समचा दगड आपल्याकडे मुख्यतः राजस्थानात मिळतो. तो साधारण दीडशे अंश सेल्सिअसला भाजला की त्याच्या स्फटिकांत अडकलेल्या पाण्यापैकी पाऊण भाग पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी राहते. त्या भुकटीत पाणी घातलं की ती ते पाणी परत पिऊन घेते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत अडकतात आणि अर्ध्या तासाच्या आत लेप घट्ट होतो. तुलनेसाठी सांगतो, चुनखडीचा चुना व्हायला नऊशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं आणि सिमेंटला साडेचौदाशेपर्यंत.

यात सिमेंटसारखं आकसणं नाही, म्हणून केसासारख्या भेगा पडत नाहीत. पाणी मारावं लागत नाही. एकाच थरात १२-१३ मिलिमीटर होतं आणि वर पुट्टीचा खर्चही वाचतो. शिवाय वजनाने सिमेंटच्या प्लास्टरच्या जवळपास निम्मं. वरच्या मजल्यावरचा हॉल, बेडरूम, देवघर अशा कोरड्या आतल्या भिंतींना मी डोळे झाकून जिप्सम सांगतो.

काम बघायचं असेल तर भिंतीपेक्षा आधी टब बघा. चांगला कारागीर टबात आधी पाणी घेतो, मग भुकटी सोडतो, आणि प्रत्येक घाण्यानंतर टब धुतो. आळशी कारागीर तसाच पुढचा घाणा कालवतो. टबाच्या कडेला राहिलेले जुने स्फटिक नव्या मालाला भराभर घट्ट करतात, मग हाताला वेळ पुरत नाही, तो वरून पाणी ओततो आणि मेलेला माल भिंतीवर चढवतो. तो भाग पुढे भुसभुशीत होतो. घट्ट व्हायला लागलेल्या जिप्सममध्ये पाणी घालून ते जिवंत होत नाही, ते टाकूनच द्यायचं.

आता खोट. जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं, लिटरला साधारण दोन ग्रॅम. ऐकायला कमी वाटतं, पण ओल कायम राहिली की भिंत सादळते, मऊ पडते आणि रंगासकट पोपडे सुटतात. ओल्या जिप्समला लागून असलेलं लोखंड गंजतं, त्यामुळे खिळ्यांच्या आणि स्विचच्या पत्र्याच्या बॉक्सभोवती तांबूस डाग उठतात. म्हणून बाहेरून नाही, बाथरूम-संडासात नाही, ओट्यामागे नाही. ज्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे तिथेही मी टाळतो. झडीच्या बाजूच्या खिडक्यांची खालची चौकट आणि बाजू सिमेंटच्या करून घ्याव्यात आणि बाकीची भिंत खुशाल जिप्समची ठेवावी.

सिमेंट आणि जिप्सम एकत्र आणताना एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही. ओल असेल तर जिप्सममधला सल्फेट सिमेंटमधल्या घटकांशी जुळून नवे स्फटिक बनवतो आणि ते जागा मागतात. थर फुगतो, सुटतो. म्हणून माल कालवताना जिप्सममध्ये सिमेंट मिसळायचं नाही, नुकत्याच केलेल्या ओल्या सिमेंट प्लास्टरवर जिप्सम चढवायचं नाही आणि जिप्समच्या भिंतीवर सिमेंटने टाइल्स लावायच्या नाहीत. स्वयंपाकघरात जिथपर्यंत टाइल्स येणार तिथपर्यंत सिमेंट, वर जिप्सम, ही रेषा प्लास्टर सुरू होण्याआधी भिंतीवर मारून ठेवा.

पेठेतलं जुनं घर

इथे मात्र मला जरा सावकाश बोलायचं आहे, कारण कोल्हापुरात सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ या भागांतल्या जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. खाली दगडी जोतं, वर वीट किंवा पांढऱ्या मातीचं काम, सांध्यात माती किंवा चुना, मधून लाकडी खांब, आणि वर चुन्याचा गिलावा. डीपीसी नावाची गोष्ट या घरांना ठाऊक नाही. जमिनीतलं पाणी त्यांच्यात रोज थोडं थोडं चढतं आणि दोन्ही अंगांनी रोज थोडं थोडं उडून जातं. या देण्याघेण्यावर ती भिंत पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे.

मग कुणीतरी "मजबूत करूया" म्हणून जुना गिलावा पाडून दोन्ही बाजूंनी सिमेंटचं प्लास्टर करतं. म्हणजे भर उन्हात राबणाऱ्या माणसाला रेनकोट घालायला लावायचा. चढणारं पाणी थांबत नाही, फक्त त्याची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ते वाट मिळेपर्यंत आणखी वर चढतं. पूर्वी गुडघ्यापर्यंत असलेली ओल छातीपर्यंत जाते. आतली माती मऊ पडते, लाकडी खांबाचा पाय कुजतो, आणि वरून भिंत टणक दिसते. बोटाच्या पेराने ठोकून बघा. भरीव भिंतीचा आवाज बसका येतो, सुटलेल्या प्लास्टरचा पोकळ. मालकाला वाटतं प्लास्टर खराब होतं, म्हणून तो आणखी भारी सिमेंटचं प्लास्टर करतो.

या भिंतींना चुनाच हवा. कळीचा चुना भिजवून निदान काही आठवडे मुरत ठेवायचा, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, मिसळायची. पूर्वी हे मिश्रण बैलाने ओढायच्या घाण्यात मळलं जायचं. चुना पाण्याने घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. त्याला वेळ लागतो आणि थर पातळ द्यावे लागतात. सुरखी असली की ओलसर जागीही तो धरतो. बारीक भेग पडली तर तिच्यात चुना विरघळून परत साठतो आणि ती आपोआप काही अंशी बुजतेही.

चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ यांचं पाणी घालायची जुनी पद्धत आहे. गुळाच्या पाण्याने माल थापीखाली लोण्यासारखा सरकतो आणि कमी पाण्यात कालवता येतो. पण गुळाच्या गावात राहतो म्हणून हात सैल सोडू नये. जास्त गुळाने चुना कमजोर होतो आणि मुंग्यांना आमंत्रण जातं ते वेगळंच.

चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळणं आज अवघड आहे, हे मान्य. भिंत भाजक्या विटेची असेल तर मधला मार्ग आहे. एक भाग सिमेंट, एक भाग पिशवीतून मिळणारा विझवलेला चुना, सहा भाग वाळू. आणखी मऊ हवं तर एक, दोन आणि नऊ. सिमेंट-चुन्याचा गिलावा भारतीय मानकांतही नीट नमूद आहे. आपल्याकडच्या ठेकेदारांना तो नवा वाटतो, पण कुठलाही हुशार गवंडी एका दिवसात शिकतो. चुन्यामुळे माल चिकट आणि लवचीक होतो, भेगा कमी पडतात आणि भिंत थोडी तरी श्वास घेते. जांभ्याच्या घरांनाही हेच प्रमाण मानवतं.

मातीच्या भिंतीला मात्र मातीचाच गिलावा. पांढरी माती, भाताचं तूस किंवा बारीक काड आणि शेण, चार-आठ दिवस भिजवून, पायाने तुडवून. तिच्यावर जाळी ठोकून सिमेंट मारलं की दोन-तीन पावसाळ्यांत जाळीसकट चादर सुटून येते.

जुन्या भिंतीवर चुन्याचा गिलावा करून वर ऑइल पेंट मारला तर सगळी मेहनत पाण्यात. चुन्याची सफेदीच करा. ती स्वस्त आहे म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका.

पुराचं पाणी लागलेली भिंत

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली होती. शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, तिकडे चिखली-आंबेवाडी, अशा ठिकाणी घरात दिवसचे दिवस पाणी उभं होतं. पूर ओसरला की काही आठवड्यांत गणपती येतात. घरात चिखल होता तिथे आरास करायची असते, म्हणून लोक घाईने पुट्टी-रंग काढून घेतात. दिवाळीला तो रंग फुगलेला असतो.

कारण साधं आहे. नऊ इंची विटेची भिंत पूर्ण भिजली की आतून कोरडी व्हायला काही महिने लागतात. वरून हात लावून कोरडी वाटते तेव्हाही मध्यावर ओलीच असते. पुराच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंतचं जिप्सम, पुट्टी आणि सुटलेलं प्लास्टर खरवडून काढा, चिखल धुऊन टाका, खिडक्या उघड्या ठेवा आणि थंडी जाऊ द्या. गणपतीपुरती चुन्याची सफेदी मारा, ती भिंतीला कोंडत नाही. वर सांगितलेली प्लास्टिकची चाचणी कोरडी आली की मगच नवीन काम.

पूररेषेजवळ नवीन घर बांधत असाल तर तळमजल्यावर जिप्समचा विचारच नको. सिमेंट-चुन्याचा गिलावा करा.

ब्लॉक, छत आणि पिशवीतलं प्लास्टर

आता बऱ्याच इमारतींत पांढरे हलके एएसी ब्लॉक वापरतात. ते पाणी इतक्या झपाट्याने ओढतात की साधं प्लास्टर लावल्या लावल्या सुकतं आणि सुटतं. विटेसारखे ते न्हाऊ घालून भिजवले तरी चूक, कारण मग ते नंतर वाळताना आकसतात. हलका फवारा मारायचा, सिमेंट-पॉलिमरचा पातळ थर द्यायचा आणि वर सौम्य प्रमाणाचं प्लास्टर. ब्लॉक किंवा वीट जिथे काँक्रीटच्या बीम-कॉलमला मिळते तिथे दोन्ही बाजूंना चार-चार इंच पडेल अशी जाळी लावलीच पाहिजे. ती भेग प्लास्टर कितीही चांगलं असलं तरी येते, कारण दोन पदार्थ उन्हाने वेगवेगळे हलतात.

छताचं म्हणाल तर आजच्या चांगल्या प्लायवूडच्या सेंट्रिंगवर पडलेल्या स्लॅबला जाड प्लास्टरची गरजच नसते. काँक्रीट गुळगुळीत असतं, वर सेंट्रिंगच्या तेलाचा अंश असतो, आणि त्यावर जाड थर चढवला की एखाद्या रात्री तो पंख्याशेजारून खाली येतो. प्लास्टर करायचंच तर तेल धुऊन, छिन्नीने जवळजवळ टोचे मारून, सहा मिलिमीटरपर्यंतच. नाहीतर बाँडिंगचा थर देऊन पातळ जिप्सम. पण सगळ्यात वरच्या मजल्याचं छत असेल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग होऊन एक पावसाळा जाऊ द्या, मग जिप्समचं बघा. आणि छताला जिथे सळईच्या रेषेत भेग पडून तांबूस पाणी आलंय, तिथे प्लास्टरचा विषयच नाही. आत सळई गंजून काँक्रीट ढकलते आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

पिशवीतलं रेडीमिक्स प्लास्टर महाग वाटतं, पण त्यात वाळूची प्रत आणि प्रमाण कारखान्यात ठरलेलं असतं. लहान दुरुस्तीला, फ्लॅटमध्ये जिथे वाळू वर चढवायची सोय नाही तिथे, आणि एएसी ब्लॉकवर ते परवडतं. संपूर्ण बंगल्याला घ्यायचं की नाही, हे तुमच्या वाळूच्या भरवशावर ठरवा.

हिशेबाला बसताना

दर रोज बदलतात, म्हणून मालाचा अंदाज देतो. आतलं १२ मिलिमीटरचं, एकास सहा प्रमाणाचं प्लास्टर १०० चौरस फुटांना साधारण पाऊण गोणी सिमेंट आणि साडेपाच घनफूट वाळू खातं. बाहेरचं २० मिलिमीटरचं, एकास चारचं, दीड गोणीपेक्षा थोडं जास्त सिमेंट आणि आठ घनफूट वाळू. जिप्समची २५ किलोची गोणी १३ मिलिमीटर जाडीला साधारण २० चौरस फूट करते, म्हणजे १०० फुटांना पाच गोण्या. भिंत ओळंब्यात नसेल तर हे सगळे आकडे चढतात. वाकड्या भिंतीचं बिल प्लास्टरवाल्याच्या नावावर येतं, पण केलेलं असतं बांधकामाच्या गवंड्याने. तुलना करताना सिमेंटच्या बाजूला पुट्टी, पाणी मारायची मजुरी आणि गेलेले दिवस धरा, नाहीतर जिप्सम उगाच महाग दिसतं.

शेवटी मापाचं. कोल्हापुरात प्लास्टरवरून जितकी भांडणं मालाच्या प्रतीवरून होतात, तितकीच दारं-खिडक्या वजा करण्यावरून होतात. मोजमापाच्या भारतीय मानकानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं उघडं वजा करत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरमधलं असेल आणि भिंतीला दोन्ही बाजूंनी सारखंच प्लास्टर असेल तर एकाच बाजूचं वजा होतं, बदल्यात चौकटीच्या कडांचे वेगळे पैसे नाहीत. तीन चौरस मीटरच्या वरचं दोन्ही बाजूंनी वजा करतात आणि कडा वेगळ्या मोजतात. हे तीन नियम, थरांची जाडी, प्रमाण आणि कुठल्या भिंतीला कुठलं प्लास्टर, एवढं काम सुरू व्हायच्या आधी एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.